सात किलोंचा ढग

ढग्याच्या, म्हणजे आमच्या बोक्याच्या, अंगावरून हात फिरवला की बोटं लगेच कातडीपर्यंत पोचत नाहीत, आधी केसांतच अडतात. लांबून लोकरीचा गोळा वाटतो, पण हाताला ते केस चांगले दाट आणि ताठ लागतात, नव्याकोऱ्या गालिच्यासारखे. त्याने मान वळवली की मानेवर ते दुभंगतात आणि मधे आतली फिकट राखाडी रेघ दिसते. या केसांवरच मी भाळले होते. पुढे दीड वर्ष याच केसांनी मला फसवलं.

माझ्या लहानपणी घरात मांजरं असायची, पण ती कुणी आणलेली नसायची. एखादी मांजरी माळ्यावर व्यायची, पिल्लं मोठी होऊन पांगायची, त्यातलं एखादं राहून जायचं. त्यामुळे मांजर 'निवडायचं', त्यासाठी महिनोन्‌महिने थांबायचं, त्याच्या आईवडिलांचे कागद तपासायचे, हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मांजर आणतेयस की स्थळ बघतेयस?"

वंशावळीचंच मांजर कशाला, हे बऱ्याच जणांनी विचारलं. त्यावर माझं एक ठरलेलं उत्तर होतं : आमचं घर लहान, मांजर कायम घरातच राहणार, त्यामुळे स्वभाव साधारण कसा असेल हे आधी माहीत असलेलं बरं. हे खोटं नाही. पण खरं कारण त्याच्या मागे दडलेलं होतं, ते म्हणजे चेहरा. गोल डोकं, फुगलेले गाल, तांब्याच्या रंगाचे डोळे. फोटो बघून आम्ही सगळेच वेडे झालो होतो. हे मी आधीच कबूल करते, कारण पुढचे बरेचसे घोटाळे त्या चेहऱ्याच्या मोहातूनच झाले.

सुरुवातीला यादी लांबलचक होती. आखूड केसांचं हवं एवढंच पक्कं होतं, कारण रोज बसून मांजर विंचरणं आमच्याच्याने झालं नसतं. सयामी मला मनापासून आवडायचं. त्यांची पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी असतात आणि अंगाचा जो भाग थंड राहतो, म्हणजे कान, नाक, पंजे, शेपूट, तेवढाच पुढे काळवंडत जातो, हे वाचून तर मी आणखीच हरखले. पण ते मांजर दिवसभर बोलतं, आणि उत्तर मिळेपर्यंत बोलतं. आमच्या घरात बोलणाऱ्यांची कमतरता नाही. ॲबिसिनियन म्हणजे पडद्यावरून कपाटावर आणि कपाटावरून पंख्याकडे बघणारा जीव, तोही गेला. एक्झॉटिक हा पर्शियनचाच आखूड केसांचा भाऊ. नाक इतकं चपटं की डोळ्यांतून पाणी येत राहतं आणि झोपेत घोरणं ऐकू येतं. आम्ही एकाला जवळून बघितलं होतं. त्याचं तोंड सारखं पुसावं लागायचं.

राहिले दोघं. लेकीला स्कॉटिश फोल्ड हवं होतं, ते दुमडलेल्या कानांचं, घुबडासारखं दिसणारं. मीही तयार होते. मग त्या कानांची कथा वाचली. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सुझी नावाची पांढरी मांजरी सापडली, तिचे कान असे पुढे दुमडलेले होते आणि ही सगळी जात तिच्यापासून आली. कान दुमडतात ते कूर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या, दोषामुळे. आता कूर्चा काय फक्त कानात असते? तोच दोष पायांच्या सांध्यांत आणि शेपटीच्या मणक्यांतही उतरतो, कुणात कमी, कुणात जास्त. काहींची शेपूट वाकेनाशी होते, काही उडी मारायचं सोडून देतात. लेक बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ते गोड दिसतं तेच त्याचं दुखणं?" फोल्ड यादीतून तिनेच काटलं.

असं करत ब्रिटिश शॉर्टहेअर उरलं. इंग्लंडमधल्या गल्लीबोळांत, कोठारांत उंदीर मारत फिरणाऱ्या साध्या मांजरांचीच ही जात. हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराला वाटलं की या साध्या मांजरांनाही कुणी कौतुकाने बघावं, म्हणून त्याने १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं. साधं, भक्कम मांजर, म्हणजे आपल्याला झेपेल, असं मी मनाशी म्हटलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. दोन महायुद्धांच्या काळात ही मांजरं इतकी कमी झाली की जात टिकवायला दुसऱ्या जातींचं रक्त आणावं लागलं, त्यात पर्शियनचं बरंच. आम्ही ज्या गोल गालांवर लट्टू झालो होतो त्यांत पर्शियनचा हात आहे. आणि पर्शियनने गालांबरोबर एक दुखणंही दिलं : मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार. आईकडून किंवा वडिलांकडून, कुणा एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरतं.

हे कळल्यावर स्थळ बघण्याची आईची उपमा मला फारच पटायला लागली.

या जातीची पिल्लं विकणाऱ्या पहिल्या ठिकाणी आम्ही गेलो तो अनुभव थोडक्यात सांगते. पिल्लं सात आठवड्यांची होती. त्यांची आई कुठे आहे, तर "दुसऱ्या घरी". तपासण्यांचे कागद? "नंतर पाठवतो." एका पिल्लाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात चिकट पिवळं साचलं होतं. विचारलं तर म्हणाले, आत्ताच झोपेतून उठलंय. तेच पिल्लू लेकीच्या हातावर चढून तिचा अंगठा चोखत होतं. तिने त्याला नावही दिलं होतं. तिथून रिकाम्या हाताने निघणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम होतं. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. सात आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडायचं नसतं. बारा-तेरा आठवडे ते आई आणि भावंडांबरोबर राहिलं की चावणं कुठवर, नखं कधी आत घ्यायची, हे त्यांच्याकडूनच शिकतं. आम्हाला हे माहीत होतं, तरी पंधरा मिनिटं आम्ही ते विसरायला तयार होतो.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी फोनवर मलाच पाऊण तास प्रश्न विचारले. घरात दिवसा कोण असतं, खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेलात तर मांजर कुठे राहील, घरात लिली ठेवता का. लिलीचं कारण मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, तिचं पान, फूल, अंगावर सांडलेला पराग चाटला तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, फुलदाणीतलं पाणीसुद्धा नको. मला थोडा रागच आला होता, विकत घेणारी मी आणि परीक्षा माझी. पण त्यांच्या घरी गेल्यावर राग विरघळला. पिल्लांची आई सोफ्याच्या पाठीवर बसून आमच्याकडे बघत होती, पिल्लं माणसांच्या पायांत खेळत होती, आणि बाईंनी न मागता फाईल समोर ठेवली.

फाईलमध्ये वंशावळ होती, पण त्या पानावर त्या थांबल्याच नाहीत. "हे नावांचं पान सगळे दाखवतात, पुढचं बघा," म्हणाल्या. पुढे नर आणि मादी दोघांच्या मूत्रपिंडाच्या आजाराच्या जनुकीय चाचण्या होत्या, दोघंही निर्दोष. मग दोघांच्या हृदयाच्या सोनोग्राफीचे अहवाल, तारखांसकट. या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. मेन कून आणि रॅगडॉल या जातींसाठी त्यावर जनुकीय चाचणी आहे, पण तीच चाचणी ब्रिटिश शॉर्टहेअरला उपयोगी पडत नाही. त्यामुळे ठराविक काळाने सोनोग्राफी करत राहणं एवढाच मार्ग. बाई म्हणाल्या, "हा कागद म्हणजे त्या दिवसाचा फोटो आहे. उद्याची खात्री मी देत नाही, कुणी दिली तर घेऊ नका." हे वाक्य ऐकलं तेव्हाच माझं ठरलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी आजवर कितीतरी जणांना ऐकवली आहे. मांजरांमध्ये रक्तगट मुख्यतः ए आणि बी. बहुतेक मांजरं ए गटाची, पण ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये बी बऱ्यापैकी सापडतो. त्यांची मादी बी गटाची होती. अशा मादीला ए गटाच्या नरापासून पिल्लं झाली की ए गटाच्या पिल्लांना आईचं पहिलं दूधच बाधतं. दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तपेशी फोडतात, काल ठणठणीत दिसणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलेलं असतं. त्यांच्या पहिल्या वेतात हेच झालं होतं. तेव्हापासून जोडी जमवताना त्या दोन्ही रक्तगट बघतात. आणि आमच्या पिल्लाचा गट कळला की तो आरोग्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणाल्या, कारण कधी रक्त द्यायची वेळ आली आणि बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त गेलं तर ते त्यातच दगावू शकतं. ढग्याचा गट बी निघाला. पहिल्या पानावर, लाल शाईत आहे.

नाव नोंदवून सात महिने थांबलो. मग चार पिल्लांतून एक घ्यायचं होतं. पिल्लांना बघून पहिली शंका आली ती रंगाची. आम्ही 'ब्लू' मागितलं होतं, म्हणजे तो राखाडी निळसर रंग, काळ्याचाच पातळ केलेला. या पिल्लांच्या अंगावर तर पुसट पट्टे होते, आणि डोळे तांब्याऐवजी निळे. बाई हसल्या. पट्टे वाढता वाढता विरतात, डोळेही महिन्यामहिन्याने पालटतात. तसंच झालं. मधे एक काळ असा होता की त्याचे डोळे धड हिरवे ना पिवळे, शिळ्या चहासारखे दिसायचे.

लेकीला सर्वांत मोठं पिल्लू हवं होतं. बाईंनी आम्हाला बाजूला बसवलं आणि किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. चारही पिल्लं उडाली. एक सोफ्याखाली गेलं ते आलंच नाही. मोठं पिल्लू फिस्कारलं. तिसरं आईकडे पळालं. चौथं चार पावलं मागे गेलं, बसलं, मान तिरकी करून किल्ल्यांकडे बघत राहिलं आणि मग पोटावर सरपटत येऊन त्याने जुडग्याला पंजा लावला. "घरात माणसं जास्त असतील तर हे न्या," बाई म्हणाल्या. तो ढग्या. कागदावर त्याचं नाव भलतंच लांब आहे, एखाद्या संस्थानिकाला शोभेल असं. ते फक्त डॉक्टरांच्या फाईलमध्ये वापरलं जातं.

तो तेरा आठवड्यांचा होऊन घरी आला. वजन १ किलो ६५० ग्रॅम. पहिला आठवडा त्याला एकाच खोलीत ठेवलं. तिथेच पाणी, खाणं, आणि दूरच्या कोपऱ्यात लिटर बॉक्स, म्हणजे त्याची शी-शूची पेटी. लिटर आणि खाणं दोन्ही बाईंकडे होतं तेच, काही बदल नाही. दोन दिवस तो पलंगाखाली. तिसऱ्या रात्री मला पायाच्या अंगठ्याला मिशा लागल्या. लस, जंतनाशक, मायक्रोचिप, पाच महिन्यांचा असताना नसबंदी, हे सगळं रीतसर पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक मात्र लवकर केलं ते फार उपयोगी पडलं : रोज एकदा त्याचे पंजे हातात घेणं, बोट दाबून नख बाहेर काढणं, ओठ वर करून दात बघणं, आणि लगेच सोडून देणं. चारएक महिन्यांचा असताना दुधाचे दात पडायला लागले, एक दात मला गालिच्यात सापडला, तांदळाच्या कणीएवढा. आज तो नखं कापून घेतो, दात घासून घेतो. उपकार केल्यासारखा चेहरा करतो, पण घेतो.

ज्याने आमचा खरा अपेक्षाभंग झाला ते वेगळंच होतं. आम्हाला मांडीवर घ्यायला मांजर हवं होतं. टेडी बेअरसारखं दिसतं म्हणजे तसं वागेलही, हा आमचा शुद्ध बावळटपणा. ढग्याला उचललं की तो चारही पाय ताठ करतो आणि दूर कुठेतरी बघत राहतो, रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा. ओरबाडत नाही, चावत नाही, फक्त संपायची वाट बघतो. पहिले काही महिने लेकीने फार प्रयत्न केले, त्याच्या मागे मागे फिरली, रडलीही. मग तिने नाद सोडला आणि जमिनीवर अभ्यासाला बसायला लागली. तेव्हा तो येऊन तिच्यापासून एक हात अंतरावर बसला. आजही तो असाच बसतो. ज्या खोलीत माणसं, त्या खोलीत ढग्या, पण एक हात लांब. मी स्वयंपाकघरात गेले की दारात, नवरा काम करत असेल तर टेबलाखाली. ही जात अशीच असते, असं बाईंनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं, चेहरा बघत होतो.

आता वजनाबद्दल.

ही जात सावकाश भरते, तीन-चार वर्षांपर्यंत अंगाने वाढत राहते. हे वाक्य मी कुठेतरी वाचलं आणि त्याचा ढालीसारखा वापर केला. एक वर्षाचा असताना तो ४ किलो ९०० होता, छान. दीड वर्षाला ६ किलो. अजून वाढतोय ना. येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "काय गुबगुबीत आहे!" आणि आम्हाला बरं वाटायचं. अडीच वर्षांचा झाला तेव्हा लसीला नेलं. डॉक्टरांनी काट्यावर ठेवला : ७ किलो १००. त्या मला म्हणाल्या, "याच्या फासळ्या शोधून दाखवा."

मी हात लावला. केस, मग आणखी केस, मग काहीतरी मऊ. फासळी सापडेना. त्यांनी मला डाव्या हाताची मूठ वळायला लावली आणि उजव्या बोटांनी त्या हाताचे सांधे चाचपायला सांगितले. टोकदार लागतात ना? अशा फासळ्या लागल्या तर मांजर वाळलंय. मग मूठ उघडून हात पालथा धरा आणि बोटांच्या मागची हाडं चाचपा. हाडं कळतात, पण वर पातळसं आवरण आहे, असं लागायला हवं. मग हात उलटा करून तळहात चाचपा, गादी लागते. "तुमचा बोका कुठे आहे?" तो तळहाताच्याही पलीकडे होता. अंगाची चरबी जोखायच्या नवाच्या मोजपट्टीवर पाच म्हणजे बरोबर. त्यांनी आठ लिहिलं. हे दाट केस आणि मुळातलाच आडवा बांधा, यांत चरबी लपून जाते, डोळ्यांनी या जातीत काही ठरवूच नका, म्हणाल्या.

मी घरी येऊन ठामपणे सांगितलं की आपण त्याला रोज साठ ग्रॅमच देतो, मग हे झालं कसं? नवऱ्याने स्वयंपाकाचा काटा काढला. डबा वजन करून ठेवला, आठ दिवसांनी पुन्हा वजन केलं. रोजचे साठ नव्हे, ब्याण्णव ग्रॅम जात होते. चौकशी झाली. नवरा पहाटे उठतो तेव्हा मूठभर, कारण ढग्या पायात येतो. लेक शाळेतून आली की "चार दाणे फक्त". आणि मी स्वतः, रात्री, कारण तो रिकाम्या वाटीसमोर बसून माझ्याकडे बघतो. त्या बघण्याला तोड नाही. आम्ही तिघं, एकमेकांना न सांगता. कोरड्या खाण्याच्या दहा ग्रॅममध्ये पस्तीस-चाळीस कॅलरी असतात, नसबंदी झालेल्या घरबश्या बोक्याला दिवसाला लागतात सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे आमचे ते चार-चार दाणे मिळून त्याचं अर्धं जेवण होत होतं.

मग मी उत्साहाच्या भरात दुसरी चूक केली. ओल्या खाण्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, पोट भरतं, कॅलरी कमी जातात, हे कळल्यावर एका दिवसात कोरडं बंद करून ओलं सुरू केलं. ढग्याने वाटी हुंगली आणि वाटीच्या भोवती पंजाने फरशी ओरबाडली, घाण झाकतात तशी. भूक लागली की खाईल, असं मी म्हटलं. रात्र गेली, सकाळ गेली, संध्याकाळ झाली. खाल्लं नाही. वजन कमी करायचंच आहे ना, एखादा दिवस काय बिघडतं, असा मी विचार केला, आणि सुदैवाने डॉक्टरांना फोन करून तोच बोलूनही दाखवला. त्यांचा आवाज बदलला. लठ्ठ मांजर खायचं थांबलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं. "हट्टात तुम्ही जिंकू नका. आत्ता त्याचं जुनं खाणं द्या." रात्री साडेदहाला कोरडे दाणे वाटीत पडल्याचा आवाज झाला आणि तो पळत आला. सात किलोंचं मांजर पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर तीन आठवडे जुन्यात चमचाचमचा नवं मिसळत गेलो. सकाळी सगळ्या दिवसाचं खाणं मोजून एका डब्यात. डबा रिकामा झाला की वाटीत काही पडणार नाही, कुणाकडे कसंही बघितलं तरी. थोडे दाणे घरभर लपवून ठेवायचे, म्हणजे ते शोधायला तरी चालेल. दोरीला बांधलेल्या पिसामागे तो धावेल ही आशा आम्ही लवकरच सोडली. तो आडवा पडतो आणि पीस जवळून गेलं तर एक पंजा हलवतो. त्यातल्या त्यात संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं त्याला हुशारी येते, ती वेळ आम्ही पकडली.

दर रविवारी वजन. आधी मी त्याला घेऊन काट्यावर उभी राहायचे आणि माझं वजन वजा करायचे, पण त्यात माझ्याच वजनाचा गोंधळ व्हायचा (त्यावर नवऱ्याने काही बोलू नये असं ठरलं आहे). मग तान्ह्या बाळांचा काटा आणला. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, घाई नको. म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. कधी वीसच, कधी काहीच नाही. एका आठवड्यात चाळीस ग्रॅम वाढला तेव्हा पुन्हा चौकशी झाली आणि लेकीने दप्तरातून खाऊची पुडी काढून दिली.

वजन उतरत असतानाच, ६ किलो ४०० असताना, डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिल्या. हृदयात हलकीशी कुरकुर ऐकू येतेय, म्हणाल्या. निरोगी मांजरांतही ती ऐकू येते, पण या जातीत सोनोग्राफी केलेली बरी. ती तारीख मिळेपर्यंतचे दिवस कसे काढले ते लिहीत नाही. मी बाईंना फोन केला. त्यांनी घाबरवलंही नाही आणि धीरही दिला नाही; नर-मादीचे ताजे अहवाल पाठवले आणि ढग्याचा आला की मलाही पाठवा म्हणाल्या. सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. केस ओले करून बाजूला सारले तेव्हा त्याची कातडी मला पहिल्यांदा नीट दिसली. तो कुशीवर पडून राहिला, तेच रांगेतल्या माणसाचं तोंड करून. पडद्यावर हृदयाची भिंत आवळत होती, सुटत होती. भिंतीची जाडी सहा मिलिमीटर किंवा जास्त निघाली तर काळजी, त्याची ४.८ निघाली. वर्षभराने पुन्हा बघू.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. तो गाढ झोपला की मी लांबूनच त्याच्या कुशीकडे बघते आणि घड्याळ लावते. कूस वर-खाली झाली की एक. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करायचे. झोपेत मिनिटाला तीसच्या आत असले पाहिजेत. सतत त्याच्या वर गेले तर डॉक्टरांना फोन. ढग्याचे वीस-बावीस भरतात. केसांमुळे कूस हलताना नीट दिसत नाही, म्हणून मी तो खिडकीकडे पाठ करून झोपला असेल तेव्हा मोजते, मागून उजेड आला की केसांच्या टोकांवरून श्वास कळतो.

केसांचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो. वर्षातून दोनदा केस झडायचा मोसम येतो तेव्हा रोज. तेव्हा एका ब्रशिंगमध्ये मुठीएवढा राखाडी गोळा निघतो आणि काळे कपडे घालायचे नसतात. ब्रश करताना मी दुसऱ्या हाताने फासळ्या मोजून घेते. आता त्या सापडतात.

८ महिने लागले. गेल्या रविवारी ढग्या ५ किलो ९८० होता, लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून खाली रेघ ओढली. त्याच दिवशी आई राहायला आली. तिने त्याला शेवटचा पाहिला तो सात किलोंचा. दारातच म्हणाली, "अगं, काय हे, किती वाळलाय! उपाशी ठेवता की काय?" मी तिला मुठीचं आणि पालथ्या हाताचं गणित समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पर्समध्ये हात घातला. लेकीने पर्स काढून घेतली.

मग आई सोफ्यावर बसली. ढग्या आला, सोफ्यावर चढला आणि तिच्यापासून एक हात अंतर ठेवून बसला. आई हळूच एक वीत त्याच्याकडे सरकली. तो एक वीत पलीकडे सरकला.